गाभण स्टिंगरे मादीची देखभाल: जोडी निवडण्यापासून पिल्लं खाती होईपर्यंत

गोड्या पाण्यातल्या स्टिंगरेंची पैदास म्हणजे फार कठीण काम, असं बरेच शौकीन धरून चालतात. खरं तर वयात आलेले नर-मादी, पसरट मोठी टाकी आणि स्वच्छ पाणी एवढं जुळलं की मीलन आपसूक होतं. त्यासाठी कृत्रिम पाऊस पाडावा लागत नाही की कसली इंजेक्शनं द्यावी लागत नाहीत. कठीण आहे ते त्यापुढचं. नदीत पाणी चढतं-उतरतं, अन्न कमी-जास्त होतं आणि त्या चक्रात मादीला उसंत मिळते. टाकीत ऋतूच नाही. नर बाराही महिने मागे लागलेला, आणि मादी एका वेतातून सावरायच्या आत पुन्हा गाभण. दोन-तीन वेतांत धडधाकट मादी खंगून जाते आणि मालक म्हणतो, "खात तर व्यवस्थित होती." म्हणून या लेखात जोडी जमवण्यापेक्षा ती कधी तोडायची, यावर जास्त लिहिलं आहे.

आधी जात नक्की करा

इथे सांगितलेलं सगळं दक्षिण अमेरिकेतल्या पोटॅमोट्रायगॉन वंशातल्या स्टिंगरेंबद्दल आहे. समुद्रातल्या पाकटांचे हे नातलग, पण पूर्णपणे नदीचे झालेले. शौकिनांकडे सर्रास दिसतो तो मोटोरो: तपकिरी अंगावर काळी कड असलेले पिवळे-नारिंगी ठिपके. काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेला लिओपोल्डी ब्राझीलमधल्या शिंगू नदीच्या खोऱ्यातला. त्याच्याशी गफलत होते तो हेन्लेई टोकँटिन्सच्या खोऱ्यातला, आणि 'पर्ल' म्हणून विकला जाणारा जाबुटी टापाजोसच्या खोऱ्यातला. २०२२ साली पनामात झालेल्या 'साइट्स' (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा करार) परिषदेत लिओपोल्डी, हेन्लेई आणि जाबुटी यांच्यासह या वंशातल्या सात जाती परिशिष्ट दोनमध्ये घेतल्या गेल्या. या जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार आता परवान्यावर चालतो. मासा आणि त्याची पिल्लं दोन्हींच्या बाबतीत कागदपत्रं जपून ठेवा आणि आपापल्या देशातली नोंदणीची अट आधीच विचारून घ्या.

या जातींचा आपसात संकर सहज होतो. मोटोरो नर आणि लिओपोल्डी मादी एका टाकीत असतील तर पिल्लं होतीलही, दिसायला सुरेखही असतील. माझं मत मात्र स्पष्ट आहे: एका टाकीत एकच जात ठेवावी. अशा पिल्लांची पुढची पिढी कुणाच्या तरी टाकीत 'शुद्ध लिओपोल्डी' म्हणून विकली जाते, आणि ते थांबवणं मग कुणाच्याच हातात राहत नाही. विक्रेत्याच्या पाटीवर फार विसंबू नका. तपकिरी, बारीक नक्षीच्या कुठल्याही रेला (म्हणजे स्टिंगरेला) 'हिस्ट्रिक्स' या याच वंशातल्या दुसऱ्या जातीच्या नावाने विकण्याची जुनी सवय या धंद्याला आहे.

टाकी: उंची नको, पसारा हवा

मोटोरोच्या प्रौढ मादीची चकती, म्हणजे पसरट गोल अंग, अर्ध्या मीटरपर्यंत जाते, शेपटी वेगळी. तिला कुठेही न घासता, अंग न दुमडता वळता आलं पाहिजे. प्रौढ जोडीसाठी साधारण अडीच मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद तळ हा माझ्या मते खालचा आकडा आहे. पाण्याची उंची ५० ते ६० सेंटिमीटर पुरते. उंच टाकी घेऊन "लिटर तर भरपूर आहेत" असं म्हणण्यात अर्थ नाही. रे तळावर जगतो, त्याला तळ मोजून द्या.

तळाला बारीक, गोल कणांची वाळू दोन-तीन सेंटिमीटर पुरे. रे अंगावर वाळू उडवून घेतो आणि डोळ्यांमागच्या छिद्रांतून पाणी ओढत निवांत पडून राहतो. जाड थर दिला की खाली घाण साचते. टोकदार खडी, धारदार दगड, लाकडाचे कंगोरे काहीच नको. गाभण मादीचं पोट तळाला टेकलेलं असतं आणि खालच्या बाजूची कातडी नाजूक असते. तळ उघडा ठेवून पिल्लं काढणारेही खूप आहेत. सफाई सोपी जाते, पण मासा थोडा बिथरलेला राहतो. पैदाशीच्या टाकीत मला पातळ वाळूच बरी वाटते.

हीटर टाकीत उघडा ठेवू नका. रे त्यावर जाऊन पडतो आणि भाजतो, तरी हलत नाही. हीटर सम्पमध्ये, म्हणजे फिल्टरसाठी जोडलेल्या वेगळ्या टाकीत, घाला, ते शक्य नसेल तर जाळीच्या आवरणात. फिल्टरच्या ओढ-पाइपला स्पंज लावा. आज प्रौढांची शेपटी सांभाळायची आहे, पुढे तळहाताएवढी पिल्लं असतील. वर घट्ट झाकण हवं, कारण रे काचेवरून सरपटत वर चढतात.

सोबतीला दुसरे मासे नकोतच. मोठे सिक्लिड चकतीच्या कडा कुरतडतात. त्याहून वाईट म्हणजे काच साफ करायला ठेवलेले चोषमुखी कॅटफिश, म्हणजे प्लेको. ते रात्री रेच्या पाठीला चिकटून अंगावरचा चिकट थर खातात. सकाळी पाठीवर गोल, पांढुरके डाग दिसले तर आजार शोधण्याआधी प्लेको बाहेर काढा.

पाणी

समुद्रातले पाकट रक्तात युरिया साठवून खाऱ्या पाण्याशी समतोल राखतात. पोटॅमोट्रायगॉननी ती क्षमता गमावली आहे. नायट्रोजनचा टाकाऊ भाग ते मुख्यतः अमोनियाच्या रूपाने पाण्यात सोडतात. यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, इतर माशांना बरं करायला आपण सहज मूठभर मीठ टाकतो, ते इथे उपयोगाचं नाही. दुसरी, मांसाहार आणि मोठं अंग यामुळे अमोनिया भराभर तयार होतो, आणि हाच मासा त्याला सर्वात कमी सोसतो.

अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. यात तडजोड नाही. नायट्रेट लिटरला २० मिलिग्रॅमच्या आसपास राहिलं तर उत्तम, ४०च्या वर जाऊ देऊ नका. तापमान २६ ते २८ अंश सेल्सियस, सामू (पीएच) ६ ते ७.५. सामूचा नेमका आकडा महत्त्वाचा नाही, तो स्थिर आहे का ते बघा. मऊ पाण्यात खाणं वाढलं की पाण्यातली आम्ल शोषायची ताकद संपते आणि सामू एकदम कोसळतो. सामू सहाच्या खाली गेला की फिल्टरमधले जिवाणू मंदावतात आणि अमोनिया वर यायला लागतो. गाभणपणात आपण खाणं दुप्पट करतो, म्हणून हा अपघात नेमका तेव्हाच होतो. क्षारता, म्हणजे केएच, आठवड्याला मोजा आणि तीन-चार अंशांच्या खाली येऊ देऊ नका.

पाणी आठवड्यातून दोनदा, दर वेळी तिसरा हिस्सा ते निम्मं बदला. क्लोरीन काढलेलं आणि टाकीच्याच तापमानाचं पाणी घाला. सम्प जेवढा मोठा जमेल तेवढा घ्या. चकतीच्या कडा वर वळून गुंडाळल्यासारख्या दिसल्या तर ती धोक्याची घंटा आहे. शौकीन त्याला 'डेथ कर्ल' म्हणतात. अशा वेळी टेस्ट किट शोधत बसू नका. आधी निम्मं पाणी बदला, मग मोजा.

नर आणि मादी

ओळख सोपी आहे. नराच्या शेपटीच्या मुळाशी, मागच्या परांच्या आतल्या कडेला दोन बोटांसारखे अवयव असतात, त्यांना क्लास्पर म्हणतात. जन्मलेल्या पिल्लातही ते बारीक कोंबांसारखे दिसतात. वयात न आलेल्या नराचे क्लास्पर आखूड आणि लुसलुशीत असतात. वयात आल्यावर ते लांब, जाड आणि ताठ होतात. मोटोरोत हे बहुधा चकती ३० ते ३५ सेंटिमीटरची झाल्यावर घडतं. मादीला वेळ जास्त लागतो.

इथे घाई नडते. कोवळी मादी मीलन करते, गाभणही राहते, पण वेत लहान असतं, पिल्लं अशक्त असतात आणि तिची स्वतःची वाढ खुंटते. मादी नरापेक्षा ठळकपणे मोठी आणि जाड असल्याशिवाय नर आत सोडू नका. मोठा नर आणि लहान मादी ही जोडी तर कधीच नको, कारण चावे खोल जातात.

जोडण्याआधी मादीची 'तब्येत' बघायची जागा म्हणजे शेपटीचं मूळ. तिथे दोन्ही बाजूंना कटीची हाडं (खरं तर कूर्चा) असतात. ती उठून दिसत असतील तर मादी आतून रिकामी आहे, मग ती कितीही चपळ असो. हाडं मांसाखाली पूर्ण बुडाली पाहिजेत आणि शेपटीचं मूळ जाड, गोल असलं पाहिजे. नवीन आणलेला मासा महिना-दीड महिना वेगळा ठेवा. जंताची औषधं द्यायची असतील तर याच काळात, जाणकाराला विचारून. गाभणपणात ती संधी नाही.

एका नरामागे दोन किंवा तीन माद्या ठेवल्या तर नराचा जाच वाटला जातो. नर मादीच्या टाकीत सोडावा, उलट नको. आपल्या जागेत मादी अधिक ठाम असते. काही जोड्या जमतच नाहीत. आठवडाभर मादी कोपऱ्यात अंग चोरून बसली आणि खाणं सोडलं तर नर काढून घ्या.

मीलन

ते बघताना पहिल्यांदा भांडण वाटतं. नर मादीच्या मागोमाग, जवळजवळ तिच्या पाठीवरून फिरतो. मग चकतीची मागची कड तोंडात पकडतो. मादी झटकते, काचेला घासत वर जाते, नर सुटत नाही. एका क्षणी तो अंग वळवून तिच्या खाली सरकतो, पोटाला पोट लागतं, एक क्लास्पर आत जातो आणि थोडक्या वेळात सगळं संपतं. दुसऱ्या दिवशी मादीच्या कडेवर अर्धचंद्राकृती दातांचे ठसे आणि ओरखडे दिसतात. तेवढ्यावर औषध लागत नाही. पाणी स्वच्छ असेल तर ते आपोआप भरतात. कडेचा तुकडा तुटला असेल, जखमेवर कापसासारखं पांढरं आलं असेल किंवा तेच चावे रोज नव्याने दिसत असतील तर नर त्याच दिवशी बाहेर.

चाव्यांची तारीख लिहून ठेवा. पुढचं सगळं गणित तिथून चालतं.

गाभण आहे की फक्त जेवलेली?

रे अंडी बाहेर घालत नाहीत, पिल्लांना जन्म देतात. सुरुवातीला गर्भ आपल्या बलकावर जगतो. बलक संपत आला की मादीच्या गर्भाशयाच्या आतल्या बोटांसारख्या झालरी स्निग्ध आणि प्रथिनांनी भरलेला दुधासारखा स्राव सोडू लागतात आणि गर्भ तो पितो. म्हणजे पिल्लांचं बहुतेक वजन मादीच्या अंगातून, रोजच्या रोज जातं. खाणं कमी पडलं तर पिल्लांआधी मादी झिजते.

पोटॅमोट्रायगॉनचा गर्भकाळ टाकीत, भरपूर खाद्यावर, साधारण तीन महिन्यांचा धरावा. निसर्गात तो याहून बराच लांबू शकतो. ठोकताळा असा: पहिल्या तीन-चार आठवड्यांत बाहेरून काहीच कळत नाही, फक्त भूक वाढते. पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून पाठीच्या मागच्या भागात, शेपटीच्या मुळाच्या थोडं पुढे, कण्याच्या दोन्ही बाजूंना उंचवटे येतात. जेवणाने आलेला फुगवटा पुढे, मधोमध असतो आणि दुसऱ्या दिवशी उतरतो. गर्भाचा मागे असतो आणि उतरत नाही. म्हणून मादीकडे सकाळी, खायला देण्याआधी, बाजूने बघा. वरून बघून फार कळत नाही. दर आठवड्याला त्याच कोनातून एक फोटो काढला तर तुमचा तुम्हालाच निवाडा करता येतो. आठव्या-नवव्या आठवड्यानंतर मादी शांत पडलेली असताना त्या उंचवट्यांखाली हालचाल दिसते. कातडीखालून काहीतरी सरकून जातं. ते एकदा दिसलं की शंका उरत नाही.

तरीही फुगवटा म्हणजे गाभणपणच असं नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या एका मत्स्यालयात शार्लट नावाची समुद्री स्टिंगरे होती. सोबत तिच्या जातीचा नर नसताना ती गाभण असल्याचं २०२४च्या फेब्रुवारीत जाहीर झालं आणि जगभर बातमी झाली. मे अखेरीस कळलं की तिला प्रजनन संस्थेचा आजार आहे. त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गेली. चाव्यांच्या तारखेपासून चार महिने उलटले, फुगवटा आहे पण हालचाल नाही, किंवा फुगवटा एकाच बाजूला वाढतो आहे, असं असेल तर जलचरांच्या पशुवैद्याकडून सोनोग्राफी करून घ्या. रेची ती पाण्यातच, ट्रेमध्ये ठेवून करता येते.

जोडी तोडा, आणि नरालाच हलवा

गाभणपण नक्की झालं की नर बाहेर. मादीला हलवू नका. पकडापकडीचा ताण बसला की रे मादी अर्धवट वाढलेली पिल्लं टाकते, आणि शेवटच्या महिन्यात हा धोका सर्वात जास्त. टाकीची ओळख, पाण्याचा वास, झोपायची जागा सगळं तिच्यासाठी तसंच राहू द्या. दुसरी टाकी नसेल तर भक्कम, भोकं असलेला दुभाजक घाला. मात्र कडेला फट नको, रे अगदी बारीक फटीत तोंड घालतो आणि अडकतो.

नर काढताना जाळं वापरू नका. शेपटीवरचा काटा जाळ्यात अडकतो, मग मासा तडफडतो आणि आपण हात घालतो. पसरट प्लास्टिकचा टब पाण्यात बुडवा, माशाला हळूहळू त्यात हाका आणि पाण्यासकट उचला. दोन माणसं लागतात. उचलताना शेपटीची बाजू दोघांपासूनही लांब असली पाहिजे.

शेपटीवरचा काटा दातेरी आणि विषारी असतो. तो अधूनमधून गळतो आणि त्याखाली नवा तयार झालेला असतो, म्हणून "काटा पडलाय, आता भीती नाही" असं कधीच म्हणू नका. तो कापूही नका. काटा लागला तर जखम धुवा आणि सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४३ ते ४५ अंशांच्या, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. हे विष उष्णतेने निकामी होतं आणि वेदना झपाट्याने उतरतात. पाणी किती गरम आहे ते दुसऱ्या, चांगल्या हाताने तपासा, कारण दुखऱ्या हाताला अंदाज येत नाही. त्यानंतर डॉक्टरकडे जायचंच: आत तुकडा राहिलेला असू शकतो, जंतुसंसर्ग होतो, धनुर्वाताचं इंजेक्शन लागू शकतं. छाती, पोट किंवा मानेत काटा रुतला असेल तर तो ओढून काढू नका, थेट रुग्णालय गाठा.

गाभण मादीचं खाणं

एरवी दिवसातून एकदा खाणाऱ्या मादीला आता दोनदा, दुसऱ्या निम्म्या काळात तीनदा द्या. एकदम ढीग टाकण्यापेक्षा थोडं थोडं अनेकदा. पाणीही त्यामुळे कमी बिघडतं. पंधरा-वीस मिनिटांत उरलेलं काढून टाका.

काय द्यायचं? गांडुळं सर्वात वर. खत-औषध न मारलेल्या मातीतली, एक दिवस ओल्या कागदात ठेवून पोट रिकामं केलेली. नाक मुरडणारी मादीही गांडुळं सोडत नाही. त्यासोबत कोळंबी, पांढऱ्या मांसाच्या माशांचे तुकडे, शिंपल्यांचं मांस आणि बुडणाऱ्या, जास्त प्रथिनांच्या गोळ्या. गोळ्यांची सवय गाभण होण्याआधीच लावलेली असावी. आत्ता ताणून धरून उपाशी ठेवणं नको.

एकाच प्रकारावर मादी काढू नका. कच्ची कोळंबी, शिंपले आणि काही मासे यांच्यात थायामिनेज नावाचं विकर असतं, ते जीवनसत्त्व ब-१ मोडून टाकतं. महिनोन्महिने नुसती कोळंबी खाल्लेल्या रेमध्ये भूक मंदावणं, तोल जाणं अशी लक्षणं येतात. खाद्यात आलटापालट ठेवा आणि आठवड्यातून दोनदा माशांसाठीचं जीवनसत्त्वांचं मिश्रण तुकड्यांवर मुरवून द्या. जिवंत गोल्डफिश खाऊ घालण्याची हौस तर पूर्ण टाळा. त्यातही थायामिनेज असतं, शिवाय परजीवी फुकट येतात. जनावरांचं चरबीयुक्त मांस माशाच्या पचनाला मानवत नाही.

वाढलेल्या खाण्याची पावती म्हणजे पाठीवरचा उंचवटा नव्हे. पुन्हा शेपटीचं मूळच बघायचं. उंचवटा वाढतोय आणि कटीची हाडं वर येताहेत, म्हणजे मादी स्वतःच्या अंगातलं पिल्लांना देते आहे. खाणं वाढवा.

या काळात औषधं टाळा. तांबं असलेली औषधं, फॉर्मॅलिन, मॅलाकाइट ग्रीन ही रेला एरवीही घातक, गाभणपणात तर टाकीच्या जवळही नकोत. सजावट बदलणं, नवा फिल्टर जोडणं, काच घासून लख्ख करणं, सगळं पुढे ढकला. उजेड मंद ठेवा.

वेत

शेवटच्या काही दिवसांत बऱ्याच माद्या खाणं कमी करतात किंवा सोडतात. एका कोपऱ्यात बसतात, मधूनच चकतीची मागची बाजू उचलून धरतात, जननमार्ग सुजलेला दिसतो, कधी पांढुरका स्राव बाहेर येतो. हे दिसू लागलं की ओढ-पाइपवरचा स्पंज पुन्हा तपासा, पाणी बदलून घ्या आणि मग हात बाहेर ठेवा. प्रसूती बहुधा रात्री किंवा पहाटे होते. पिल्लं चकती गुंडाळलेल्या अवस्थेत, बहुतेकदा शेपटीकडून, बाहेर येतात आणि तळावर पडता पडता उलगडतात. काट्यावर मऊ आवरण असतं, त्यामुळे आईला इजा होत नाही. मोटोरोच्या पहिल्या वेतात दोन-तीन पिल्लं असली तरी पुष्कळ. मोठ्या, अनुभवी मादीला आठ-दहाही होतात. पिल्लाची चकती आठ ते बारा सेंटिमीटर.

सगळी पिल्लं एका दमात येतीलच असं नाही. मात्र एक-दोन पिल्लं होऊन मादी दिवसभर धडपडत असेल, पिल्लू अर्धवट बाहेर अडकलं असेल किंवा दुर्गंधी येणारा स्राव दिसत असेल तर पशुवैद्याला बोलवा. ओढाताण करू नका.

कधी पिल्लं वेळेआधी येतात: फिकट, मऊ, पोटाखाली बलकाची पिशवी लोंबणारी. पिशवी फाटली की पिल्लू गेलं. त्यांना जाळ्यात धरायचं नाही, भांड्यानेच पाण्यासकट उचलायचं आणि वाळू नसलेल्या, संथ प्रवाहाच्या टाकीत अंधुक उजेडात ठेवायचं. पिशवी मोठी असेल तर फारशी आशा धरू नये. मटाराएवढी असेल तर बरीच पिल्लं तरतात. ती पूर्ण आत जाईपर्यंत खाणं देऊ नका.

पिल्लांची टाकी

ती वेताच्या आधी महिनाभर चालू असलेली हवी. वेतानंतर नवी टाकी मांडणं म्हणजे पिल्लांना अमोनियात सोडणं. सोपा उपाय: पिल्लांची टाकी मोठ्या टाकीच्याच सम्पला जोडा, म्हणजे पाणीही तेच राहतं. लांबी मीटरभर, पाण्याची उंची २५-३० सेंटिमीटर, स्पंज फिल्टर, बारीक वाळूचा अगदी पातळ थर. आईच्या टाकीत तरंगती जाळीची पेटीही चालते, पण तिचा तळ घट्ट आणि सपाट असावा.

पिल्लांना आईपासून वेगळं करायचं कारण आई क्रूर असते हे नाही. एवढ्या मोठ्या अंगाखाली ती दबतात, आणि खाण्याच्या स्पर्धेत त्यांच्या वाट्याला काही येत नाही. पिल्लं हलवतानाही भांडंच. त्यांचा इवलासा काटाही लागतो.

पूर्ण वाढलेलं पिल्लू पहिले काही दिवस आतल्या बलकावर काढतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून जिवंत ब्लॅकवर्म (पाण्यातले बारीक, काळपट किडे) टाकून बघा. वाळूवर वळवळ दिसली की पिल्लू त्यावर जाऊन पसरतं, चकती खाली दाबून धरतं आणि कडा थरथरतात. म्हणजे खाल्लं. ब्लॅकवर्म नसतील तर बारीक चिरलेली गांडुळं, ब्लडवर्म. गटारातल्या ट्युबिफेक्स किड्यांपासून लांब राहा. दिवसातून तीन-चार वेळा द्या आणि प्रत्येक पिल्लू खातंय का ते वेगवेगळं बघा. एका टाकीत सहा पिल्लं असली की एखादं हमखास मागे पडतं आणि घोळक्यात लक्षात येत नाही. आठवडाभर न खाणारं पिल्लू स्वतंत्र पेटीत घ्या आणि गांडुळाचा तुकडा चिमट्याने त्याच्या चकतीच्या पुढच्या कडेखाली सरकवा. तोंड खाली असतं, डोळ्यांसमोर धरून उपयोग नाही.

दोन-तीन आठवड्यांत बारीक चिरलेली कोळंबी आणि माशाचा कीस सुरू करता येतो, त्यानंतर लहान गोळ्या. पिल्लं खाती झाली, गोठवलेलं अन्न घेऊ लागली आणि कटीची हाडं झाकली गेली, त्याआधी कुणालाही देऊ नका. आणि कुणाला देणार, याचा विचार वेताआधीच झालेला असावा. आठ पिल्लं म्हणजे वर्षा-दोन वर्षांत आठ मोठ्या टाक्या लागणार.

वेतानंतर मादी

पिल्लं काढून घेतली की लक्ष मादीकडे. पाठीचा मागचा भाग सैल पडलेला असतो, खड्डे दिसतात, शेपटीचं मूळ बारीक झालेलं असतं. एक-दोन दिवसांत भूक परतते. परतली की गाभणपणात होती तशीच, दोन-तीन वेळची पंगत चालू ठेवा. खाणं लगेच कमी करण्याची गरज नाही. चार दिवसांनंतरही ती खात नसेल, किंवा पोटात अजून उंचवटा जाणवत असेल, तर आत पिल्लू राहिल्याची शक्यता धरून तपासणी करा.

नर या वेळी टाकीत असता तर वेताच्या काही तासांतच मागे लागला असता, आणि मादी लगेच पुन्हा गाभण राहिली असती. त्याला निदान तीन-चार महिने लांबच ठेवा. वेत मोठं झालं असेल किंवा मादीचं ते पहिलंच असेल तर त्याहून जास्त. दिवस मोजून नर परत सोडू नका. कटीची हाडं पूर्ण बुडालेली, चकतीच्या कडेवरचे जुने चावे भरून आलेले आणि मादी खाण्यासाठी टाकीभर फिरणारी, या तिन्ही गोष्टी एकदम दिसल्या तरच नराचा टब तिच्या टाकीकडे न्या.